साडेआठ किलोचं मशीन

माझे बाबा, नागोराव, एकतीस वर्षं फुलसावंगीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मापारी होते. मापारी म्हणजे कापूस तोलणारा. २००६ साली कापसाचा धंदाच बसला, शेठनं जिनिंगला कुलूप लावलं आणि जाता जाता जुना लोखंडी काटा बाबांना देऊन टाकला. शेठच्या लेखी ते भंगार होतं. बाबांनी तो बैलगाडीतून घरी आणला आणि अंगणात मांडला.

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला पत्रकार फार यायचे. गाडीतून उतरले की बाबांना विचारायचे, तुम्ही शेतकरी का? बाबा म्हणायचे, नाही जी, मापारी. मग ते पुढच्या घरी जायचे.

तोलायला कापूस नाही म्हटल्यावर बाबा घरातलं तोलू लागले. कोहळा, पाटा, गॅसचं सिलेंडर, शेजाऱ्याची शेळी. आधी वस्तू हातात उचलून वजन सांगायचे, मग काट्यावर ठेवायचे. अंदाज कधी पावभरही चुकत नसे. एकतीस वर्षांत काय शिकले म्हणाल तर एवढंच, पण ते पक्कं होतं.

मी तेव्हा वणीला होतो. कोळशाच्या ट्रकचे फाटलेले पत्रे जोडायचे, उस्तादाच्या शिव्या खायच्या, असं नऊ वर्षं चाललं होतं. एक दिवस आईचा, म्हणजे प्रभावतीबाईंचा, गावातल्या एसटीडीवरून फोन आला.

“संघदीप, तुझ्या बापानं आज मले काट्यावर उभं केलं.”

“मंग?”

“मंग काय मंग? साडेसत्तेचाळीस भरली. साऱ्या गल्लीनं आयकलं. तू घरी ये, नाहीतं मी माहेरी जातो.”

आईच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. तरी मी आलो. खरं कारण उस्ताद होता, पण सांगायला आई बरी पडली.

घरासमोर चार बल्ल्या रोवून वर टिनं टाकली आणि गॅरेज झालं. गिऱ्हाईकही आयतंच मिळालं. शेजारच्या तांड्यावरचा देवसिंग काळीपिवळी जीप चालवायचा. तिच्या मागच्या सीटखालचा पत्रा इतका सडला होता की पॅसेंजरला खालून रस्ता जाताना दिसायचा. नेहमीची माणसं बसतानाच पाय वर घेत. जीपचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आठ दिवसांवर आलं होतं.

“भौ, हे जमवून दे,” देवसिंग म्हणाला. “आपल्या रोडवर अकरा जीपा हायेत. अकराईचे पत्रे असेच हायेत.”

म्हणजे हा पत्रा नीट जोडला तर गॅरेज चालणार होतं. जाळून भोकं पाडली तर अकराही जीपवाल्यांना संध्याकाळच्या आत कळणार होतं, आणि मला पुन्हा वणीला जाऊन उस्तादासमोर मान खाली घालून उभं राहावं लागणार होतं. वेल्डिंगचं मशीन एकदाच घेता येणार होतं, आणि ते चुकून चालणार नव्हतं.

मी नीट विचार केला. एक होतं तेलाचं मोठं मशीन, नव्वद किलोचं. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चांगलं, पण त्याला दोन फेज लागतात आणि आमच्या गल्लीत एकच, तीही भारनियमनातून उरली तर. दुसरं गॅसच्या तारेचं, गाडीच्या पातळ पत्र्याला सगळ्यात भारी, पण सिलेंडर संपलं की नागपूर गाठा. तिसरं इन्व्हर्टरचं. नवीनच आलं होतं. खांद्याला पट्ट्यानं अडकवता येतं, एका फेजवर चालतं, व्होल्टेज पडलं तरी दम धरतं, आणि करंट हवा तितका कमी करून बारीक रॉडनं पातळ पत्रा न जाळता जोडता येतो. मी इन्व्हर्टर ठरवलं.

“वजन किती?” बाबांनी विचारलं.

“साडेआठ किलो.”

बाबांनी रिकामा हात वर-खाली करून पाहिला. “साडेआठ किलोत लोखंड जुळते?”

“वजनानं जुळत नाही बाबा, करंटनं जुळते.”

“मोठ्या मशीनमंदी नव्वद किलो कायले भरते मंग? कंपनीवाला येडा हाये का?”

हा वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी आम्ही देवसिंगच्या जीपमधून यवतमाळला गेलो. बाबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते सकाळी धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर बसलेलेच होते.

दुकानात शिरल्या शिरल्या बाबांनी मोठ्या मशीनला हात लावला, थोडं कलतं केलं आणि म्हणाले, “ब्याण्णव.” दुकानदारानं मशीनवरची पट्टी वाचली. ब्याण्णवच होतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता तेच मशीन घ्यायचं ठरलं. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुकानदारानं इन्व्हर्टरचे दोन डबे आणून टेबलावर ठेवले. एकाच मेकचे, एकाच मापाचे, दोन्ही सीलबंद. मी डावीकडच्यावर हात ठेवला. “हा द्या.”

बाबांनी तो उचलला. खाली ठेवला. उजवीकडचा उचलला. खाली ठेवला. “संघदीप, ह्या डाव्या डब्यात सव्वा किलो कमी हाये.”

दुकानदार हसला. “काकाजी, सील आहे. फॅक्टरीतून आलेला माल.”

“कापसाच्या गाठोड्यालेही गाठ राह्यते,” बाबा म्हणाले. “आत पानी राह्यते.”

दुकानात आणखी चार माणसं होती. तीही हसली. नऊ वर्षं उस्तादानं चारचौघांत माझी उतरवली, आणि आता स्वतःचं मशीन घ्यायला आलो तर बाप डबे तोलत बसलेला.

“बाबा!” मी ओरडलोच. “हे कापूस नाही. तुमाले त्यातलं समजत नाही, तं गप राह्या ना.”

बाबा गप झाले. एकदम, पंखा बंद केल्यासारखे. मी बिल करायला काउंटरवर गेलो, रॉड घेतले, काळी काच घेतली. परत आलो तर डबा जीपमध्ये ठेवलेला होता आणि बाबा त्याच्याशेजारी मागच्या सीटवर बसले होते, पाय वर घेऊन. गाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, बरं झालं.

पत्रा झकास जुळला. आमच्याकडे त्या दिवशी व्होल्टेज इतकं कमी होतं की बल्बमधली तार नुसती लाल दिसत होती, तरी मशीननं दम सोडला नाही. पासिंग झालं. महिनाभरात उरलेल्या दहांपैकी सात जीपा दारात येऊन गेल्या. आईनं मशीनचा रिकामा डबा माळ्यावर ठेवला आणि त्यात पापड भरले.

मी मात्र बाबांना सोडलं नाही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. एखादी जीप दुरुस्त होऊन गेली की मी मशीनवर थाप मारून म्हणायचो, “पाह्यलं ना बाबा? साडेआठ किलो. माणसाले नवं शिकावं लागते.”

“हाव,” बाबा म्हणायचे, आणि काट्यावरची धूळ पुसायचे. तोलणं त्यांनी बंद केलं होतं. आईही आता त्याबद्दल कुरकुरत नव्हती, उलट एकदा तिनं स्वतःच कोहळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नुसता खाली ठेवला. मी ते पाहिलं आणि समजून घेतलं नाही.

सहा महिन्यांनी देवसिंग आपल्या साळ्याला घेऊन आला. हिरासिंग त्याचं नाव, महागावकडे त्यानंही गॅरेज टाकलेलं. माझं काम बघून त्यानं त्याच दुकानातून तेच मशीन घेतलं होतं, माझ्यानंतर आठच दिवसांनी. आता ते जळलं होतं. दुकानदार म्हणत होता, व्होल्टेजनं जळलं, आम्ही काय करणार. हिरासिंगनं मशीन डब्यात घालून आणलं होतं. आमच्या भागात डबा कोणी फेकत नाही.

ते दोघं आपसात गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, बोलले. मला फक्त माझं नाव कळलं, आणि ते काही चांगल्या अर्थानं येत नव्हतं.

“तुमच्या शब्दावर घेतलं होतं जी,” शेवटी हिरासिंग मराठीत म्हणाला.

“चालवाले पाह्यजे नीट,” मी म्हणालो. “माह्यं तं फर्स्टक्लास चालून राह्यलं, ह्याच व्होल्टेजवर.”

मी तावातावानं त्याचं मशीन उघडलं. माझ्या मशीनमध्ये गार ठेवणारा जाड पत्रा होता, तिथं याच्यात बोटभर पट्टी. तांब्याचं वेटोळंही निम्मंच. वरून खोकं मात्र हुबेहूब. मी ते तसंच उचललं, अंगणात नेलं आणि काट्यावर ठेवलं. सव्वासात किलो. मग माझं ठेवलं. साडेआठ.

सव्वा किलो. हा आकडा मी कुठे ऐकला होता ते आठवायला मला वेळ लागला नाही.

हिरासिंगचा डबा मी उलटा केला. तळाला गेरूची फुली होती, बोटभर लांब, दोन रेघांची. ही खूण मला लहानपणापासून माहीत आहे. जिनिंगमध्ये बाबांच्या खिशात गेरूचा खडा असायचा, तो अजूनही असतो. तोलून बरोबर भरलेल्या गाठोड्यावर उभी रेघ, आत पाणी मारलेल्या गाठोड्यावर फुली. फुलीचं गाठोडं बाजूला काढायचं, ही तिथली रीत.

मी घरात धावलो, माळ्यावर चढलो आणि आपला डबा खाली ओढला. पापड सांडून चुलीपर्यंत गेले. आई काहीतरी बोलली. मी डबा उलटा केला. तळाला गेरूची एक उभी रेघ होती.

बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

“बाबा, तुमी डबा बदलला?”

“हाव. तू बिल करून राह्यला होता तवा.”

“मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं ना,” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. “दुकानात सांगतलं. तू म्हणला, हे कापूस नाही.”

“अन् हा डबा?” हिरासिंगनं विचारलं.

“त्या दुकानदाराले म्हणलं होतं मी, हा बाजूले ठेवजो, इकू नको. त्यानं मान हालवली. मी फुली मारून देल्ली. फुली कायची हे त्यानं इचारलं नाही.”

सहा महिन्यांत मी किती वेळा त्या मशीनवर थाप मारली होती आणि बाबा किती वेळा ‘हाव’ म्हणाले होते, ते माझ्या डोक्यात एकामागून एक येत गेलं. प्रत्येक वेळी त्यांना नुसतं तोंड उघडायचं होतं, आणि त्यांनी ते उघडलं नव्हतं. मला लाज वाटली. फार लाज वाटली. आई पापड गोळा करत होती, तिच्याकडेही मला बघवेना.

“चला,” मी म्हणालो. “यवतमाळले जाऊ. हे मशीन वापस करू.”

देवसिंगनं जीप वळवली. बाबा आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले आणि अंगणात काट्याजवळ थांबले.

“काटा घेऊ का?”

“घ्या ना.”

त्यांनी काट्याच्या दांडीवर हात ठेवला, पण उचलला नाही. “संघदीप, तिथं मी बोललो तं चालन का?”

टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं. त्यांनी खरंच विचारलं होतं. ते तसेच उभे होते, उत्तराची वाट पाहत.

“तुमीच बोला बाबा,” मी म्हणालो. “मी गप राह्यतो.”

मग आम्ही दोघांनी काटा उचलून जीपमध्ये चढवला, मीच जोडलेल्या पत्र्यावर. बाबा पुढच्या सीटवर बसले. मी मागे काटा धरून बसलो, आणि यवतमाळ येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.