थोरलीची बाजू

“भांडण कुणाशी?” सरांनी विचारलं.

“जावेशी,” धाकटी म्हणाली.

“चालू आहे की मिटलंय?”

“जोरात चालू आहे. बोलणं बंद आहे.”

सरांनी समाधानाने मान डोलावली आणि भिंतीला टेकवलेल्या इस्त्रीच्या जुन्या फळीवर खडूने ‘जाऊ’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. वर्ग हॉस्पिटलच्या लाँड्रीतच भरत होता, कारण दुसरी खोली कुणी द्यायला तयार नव्हतं. वरून आदेश आला होता: यापुढे कुठल्याही खात्यात ज्याला इन्चार्ज व्हायचं असेल त्याने ‘चिकित्सक विचार, युक्तिवाद आणि संशोधन कौशल्ये’ हा वर्ग पास केलाच पाहिजे. चादरी धुणाऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं ते आदेशात दिलेलं नव्हतं. चादरींना मात्र सूट होती.

सर तरुण आणि काटकुळे होते. वाफेच्या इस्त्रीने फुस्स केलं की ते वाक्य अर्ध्यावर टाकून दाराकडे बघत. तरी त्यांनी मन लावून शब्द शिकवले, आणि लाँड्रीत ते साथीसारखे पसरले. “ए तर्कदोषा, ती ट्रॉली सरकव,” असं लोक एकमेकांना म्हणू लागले. बॉयलरवाल्याने रजेच्या अर्जात लिहिलं की अंगात ताप हा दावा, थर्मामीटर हा पुरावा आणि उद्या न येणं हा निष्कर्ष. त्यावर इन्चार्जने शेरा मारला की एका तापावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी दोन-तीन ताप आणावेत.

हा इन्चार्ज आता निवृत्त होत होता आणि त्याची खुर्ची रिकामी होणार होती. हात असलेली, मागे उशी बांधलेली खुर्ची. धाकटीची सगळी नोकरी मशीन आणि बॉयलर यांच्यामध्ये उभ्याने गेली होती. संध्याकाळी पाय चपलेत मावत नसत. ती चपला पिशवीत घालून हॉस्पिटलच्या स्लिपरवर घरी जाई. तिला मान नको होता, पगारवाढ मिळाली तर नाही म्हणणार नव्हती, पण खुर्ची हवी होती. घरातली धाकटी सून म्हणून पडलेलं नाव लाँड्रीतही चालत आलं होतं, जरी इथे ती सगळ्यांत वयस्कर होती.

परीक्षा साधी होती. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातलं एक खरं भांडण घ्यायचं आणि त्याचे भाग सुटे करून दाखवायचे. शेवटी समोरच्याची बाजूही आपणच मांडायची, जमेल तेवढी भक्कम. आणि तो समोरचा माणूस वर्गात बसलेला हवा. त्याने सगळं ऐकून ‘मान्य’ म्हटलं तरच पास. बॉयलरवाल्याने आपलं भांडण घरच्या गिझरशी असल्याचं सांगितलं. सरांनी ते नामंजूर केलं.

धाकटीचं भांडण असं. थोरल्या आणि धाकट्या भावांची घरं एकाच मजल्यावर, दाराला दार. सासूबाई थोरलीकडे असत. शेवटी त्यांची दृष्टी गेली, मग पाय गेले, आणि एका पहाटे त्या गेल्या. धाकटीचा नवरा अँब्युलन्स घेऊन परगावी होता. थोरले दीर डॉक्टरांना आणायला धावले. बायकोने समोरचं दार वाजवलं असेल असं ते धरून चालले. ते कुणी वाजवलंच नाही. धाकटी ड्यूटीला निघाली तेव्हा समोरच्या उंबऱ्याशी भरमसाट चपला दिसल्या. त्यावरून तिला कळलं.

तेव्हापासून दोघी जिन्याशी बोलत. “कुणीतरी पाण्याची मोटर बंद करावी,” थोरली जिन्याला सांगे. “ज्याला आवाज ऐकू येतो त्याने करावी,” जिना धाकटीच्या आवाजात उत्तर देई. धाकटीचा नवरा दिवसभर सायरन वाजवून घरी आल्यावर कसलाच आवाज काढत नसे, त्यामुळे त्याची बाजू कुठली ते आजवर कुणाला कळलेलं नव्हतं.

पहिला मसुदा धाकटीने एका बैठकीत लिहिला. थोरलीचं म्हणणं असं, की सासूबाईंचं सगळं मी केलं, तेव्हा शेवटचं श्रेयही मला एकटीलाच पाहिजे. सरांनी वाचून सांगितलं की हे बुजगावणं आहे. झोडपायला सोपं पडावं म्हणून आपण समोरच्याचं गवताचं सोंग उभं करतो, खरा माणूस तसा नसतो. धाकटीच्या मनात आलं की सरांनी थोरलीला अजून पाहिलेलं नाही. पण खुर्ची हवी होती. तिने गवत काढून टाकलं.

दुसरा मसुदा घेऊन समोर जायचं कुणी, हा प्रश्न थोरल्या दिरांनी सोडवला. ते निवृत्त पोस्टमन होते आणि हातात काही काम नसल्यामुळे त्यांना भूक लागेनाशी झाली होती. त्यांनी घरात जाऊन खाकी शर्ट चढवला, समोरासमोरची दोन दारं असूनही खाली फाटकापर्यंत जाऊन परत वर आले, आणि स्वतःच्याच घराची बेल दाबून बाजूला उभे राहिले. पाकिटातला मजकूर त्यांनी वाचला नाही. तसं ते कधीच करत नसत.

मजकूर असा होता की धाकटीला सकाळची ड्यूटी होती, तिची झोपमोड होऊ नये म्हणून थोरलीने दार वाजवलं नाही.

दीर तोंडी उत्तर घेऊन आले. “अमान्य. म्हणावं, एवढी चांगली मी नाही.”

तिसऱ्या मसुद्यात धाकटीने लिहिलं की थोरली घाबरून गेली, तिला काही सुचलं नाही.

“अमान्य,” दीर म्हणाले. “म्हणावं, एवढी बावळटही नाही.”

त्यांची भूक परत आली होती. चौथ्या टपालाची वाट बघत ते खाकी शर्टातच जेवले. पण धाकटी अडली होती. चांगली नाही, बावळट नाही, मग उरतं काय? इतकी वर्षं तिला थोरलीच्या मनातलं बारीकसारीक पाठ होतं, आणि आता त्यातलं एक वाक्य भरवशाने लिहिता येत नव्हतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले की ऐकीव माहितीवर आणि अंदाजावर काम भागत नसेल तर मूळ स्रोताकडे जावं. सांगायला त्यांचं काय जात होतं. मूळ स्रोताने त्याच सकाळी जिन्याला सांगितलं होतं की कुणाचे तरी हॉस्पिटलचे स्लिपर फार वाजतात.

रविवारी धाकटी उठली आणि अनवाणीच समोर गेली.

दार दिरांनी उघडलं. तिच्या हातात काही नाही हे बघून त्यांचा चेहरा पडला. टपाल परस्पर आलं असं म्हणत ते बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

थोरली ओट्याशी गॅसचा बर्नर टाचणीने साफ करत होती. तिने वर बघितलं नाही. परीक्षेसाठी लागतंय, असं धाकटीने बर्नरकडे बघत सांगितलं. आपल्याला जे वाटत होतं ते सगळं चुकलंय, तर बरोबर काय ते सांगावं. तिचा प्रतिवाद तयार होता. तो तिने आंघोळ करताना पाठ केला होता आणि तो चांगला दणदणीत होता.

थोरलीने बर्नरची तीन-चार भोकं तपासली.

“आई हाका मारत होत्या,” ती म्हणाली. “तुला. धाकटे, धाकटे, म्हणून.”

धाकटीने बर्नरवरची नजर उचलली.

“अंथरूण मी बदलायचे, कूस मी बदलायचे, औषध थुंकायच्या ते माझ्या अंगावर. आणि हाक तुला. तू यायचीस रविवारचं, त्यांचे केस विंचरायचीस, दोन विनोद सांगून जायचीस. राग आला गं मला. मरणाऱ्या माणसाचा राग आला.” टाचणी अडकली, ती तिने ओढून काढली. “निघालेच होते तुला उठवायला. दारापर्यंत गेले. तेवढ्यात परत हाक आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आले.”

“मग?”

“मग काय. त्यांना कुठे दिसत होतं? हात धरला माझा. ‘आलीस का धाकटे’ म्हणाल्या. असा हात त्यांनी माझा कधी धरला नव्हता. आता तुला कशी उठवू? दोन धाकट्या झाल्या असत्या तिथे.”

बाहेर जिन्यावर दीर खोकले. धाकटीने आपला प्रतिवाद शोधून बघितला, पण तो बाथरूममध्येच राहिला असावा.

“सगळं केलं मी थोरली म्हणून,” थोरली म्हणाली, “आणि त्या गेल्या तेव्हा मी तू होते. हे असलं जिन्याला कसं सांगायचं?”

धाकटीने तिच्या हातातला बर्नर घेतला आणि राहिलेली भोकं साफ केली. थोरलीने विचारलं की वर्गात हे सांगणार का. धाकटी म्हणाली की सांगितलं नाही तर पास होणार नाही. थोरलीने पदराला हात पुसले.

“मग सांग. मी येते,” ती म्हणाली. आणि पायांकडे बघत पुढे म्हणाली, “काय झालेत गं पाय तुझे.”

परीक्षेच्या दिवशी इस्त्रीच्या खोलीत भांडणाऱ्यांची गर्दी झाली. बॉयलरवाल्याने गिझरऐवजी सासऱ्यांना आणलं होतं. गिझर त्यांनीच निवडलेला होता. सासरे जावयाने तोंड उघडायच्या आधीच ‘मान्य’ म्हणाले आणि चहा कधी मिळेल असं त्यांनी विचारलं. थोरली मागच्या बाकावर ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. दाढ काढायला आलेली माणसं बसतात तशी.

धाकटीने दावा सांगितला, पुरावा म्हणून चपला सांगितल्या. श्रेय हवं होतं हे आपलं गृहीतक होतं आणि ते चुकलं, हेही सांगितलं. सरांनी प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण केली.

“छान. आता समोरच्यांची बाजू.”

धाकटीने मागे बघितलं. थोरलीने मान खाली घातली होती आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला होता, अगदी बोट पांढरं पडेपर्यंत. खोलीत पंधरा माणसं होती. सासऱ्यांना चहा मिळाला होता आणि ते बशीत ओतून पुढचं ऐकायला तयार होते.

“नाही सांगता येत, सर,” धाकटी म्हणाली.

सरांनी हळू आवाजात आठवण करून दिली की हा भाग सोडला तर पास करता येणार नाही, आणि खुर्ची बहुधा बॉयलरवाल्याला जाईल. “तुम्हाला ती बाजू माहीत नाही का?”

“माहीत आहे.”

“मग?”

“माहीत आहे म्हणूनच.”

वाफेच्या इस्त्रीने फुस्स केलं. या वेळी सरांनी दाराकडे बघितलं नाही.

“मान्य,” मागून थोरली म्हणाली.

सर गोंधळले. “काय मान्य? त्या तर काही बोलल्याच नाहीत.”

“ऐकलं मी,” थोरली म्हणाली.

सरांनी नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. समोरच्याने मान्य म्हणावं असं त्यात होतं. बाजू मांडणाऱ्याने तोंडाने बोललंच पाहिजे असं कुठेही नव्हतं. ते प्रामाणिक तर्कशास्त्री असल्यामुळे त्यांना घाम फुटला. वर विचारावं लागेल, असं ते शेवटी म्हणाले. वरून अजून उत्तर आलेलं नाही.

वर्ग सुटल्यावर धाकटीने थोरलीला सांगितलं की तुम्ही पुढे व्हा, माझी पाळी संपलेली नाही. ड्रायरमधून निघालेल्या चादरींचा ढीग तिच्या कमरेएवढा झाला होता. थोरलीने पर्स खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि वरच्या चादरीची दोन टोकं उचलली. दोन धाकटीने उचलली. दोघी लांब झाल्या, चादर ताणली, झटकली, आणि घडी घालायला एकमेकींकडे चालत आल्या. थोरलीची टोकं धाकटीने हातात घेतली. थोरलीने ती लगेच सोडली नाहीत. धाकटीनेही ओढली नाहीत. कापड अजून गरम होतं.