पूजेत मांडलेले पाने

लक्ष्मणराव गुरुजींना भूतखेत, विंचू, साप कशाचीच भीती नव्हती. भीती एकच, रस्त्यात अडकण्याची. रोहण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात आर्वीहून येताना भर उन्हात चेन उतरली. जवळ साधा पाना-पेचकसही नव्हता. दोन तास बाभळीखाली बसून राहिल्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं चेन चढवून दिली आणि जाताना हसत म्हणाला, "गुरुजी, पोराइले तं दप्तराबिगर शाळेत बसू देत नाई तुम्ही. अन् स्वतः काऊन हिंडून राह्यले मंग?"

ते बोलणं त्यांनी मनावर घेतलं. पुढची दोन वर्षं ते गाडीचं दप्तर जमवत राहिले.

एकदम काहीच आणलं नाही. आधी प्लग पाना आणला, कारण टू-स्ट्रोक गाडी बंद पडली की दहापैकी आठ वेळा दोष प्लगचा. मग दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना, मागच्या चाकासाठी मोठा रिंग पाना, दोन्हीकडून चालणारा पेचकस, पक्कड, पंक्चरचं सामान. शाळेच्या हस्तकलेच्या पेटीतून उरलेला पॉलिश पेपर. आणि एक कोरं पोस्टकार्ड, प्लगच्या पॉइंटमधली फट मोजायला. आनंदाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, जुन्या ताडपत्रीची गुंडाळी शिवून दिली. प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. गुंडाळी नाडीनं बांधायची आणि गाडीच्या बाजूच्या डब्यात ठेवायची. तिथून ती हलवायची नाही, हा नियम.

हे सगळं त्यांनी मोहिनीला शिकवत शिकवत केलं. मोहिनी त्यांची एकुलती एक मुलगी. डी.एड. होऊन नऊ वर्षं झालेली, लग्न मोडून माहेरी आलेली, गावच्या शाळेत कोणी रजेवर गेलं तर शिकवायला जाणारी. अंगणात गोणपाट टाकून गुरुजी सांगायचे, "नट पक्कडीनं धरत जाऊ नको पोरी, त्याचे कोपरे मरतात. अन् प्लग लावताना पह्यले हातानंच दोन आटे बसव. आडवा गेला तं जन्माचा गेला." मोहिनी प्लग काढायची, काजळी घासायची, फट बघायची, पुन्हा लावायची. दोन मिनिटांत. गुरुजी घड्याळ धरून बसायचे आणि पाच सेकंद कमी लागले तरी सगळ्या आळीला सांगायचे.

आनंदाबाई कधी चिडायच्या. "पोरगी मिस्त्री करता का? सोयाबीन सोंगाले बाई भेटून नाई राह्यली, तिले वावरात धाडा तं काई उपेग."

"तिच्या हातात खडू राहीन," गुरुजी म्हणायचे. "इळा नाई देत मी तिच्या हातात. येवढं ध्यानात ठेव."

नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या शेवटी वर्ध्याच्या एका शाळेचं मुलाखतीचं पत्र आलं. अकरा वाजता हजर राहावे. पुढच्या महिन्यात मोहिनी वयाच्या अटीबाहेर जाणार होती, तेव्हा हे पत्र पहिलं नव्हतं, पण शेवटचं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. आनंदाबाईंनी कॅलेंडर पाहिलं.

"खंडेनवमी आहे त्या दिवशी."

"मंग चांगलाच दिवस हाये," गुरुजी म्हणाले.

मोहिनीचं म्हणणं होतं, पहाटेच्या बसनं जावं. गुरुजींनी ऐकलं नाही. "बसचा काय भरवसा? कुठं टायर फुटला तं डायवरचं तोंड पाहत बसशीन. आपल्या गाडीत आपलं सामान आहे. आठले निघू, दहाच्या आत वर्ध्यात."

आदल्या दिवशी त्यांनी दूरचा पल्ला म्हणून पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा थोडं जास्त ऑइल घातलं. इंजिनाला त्रास नको. मग संध्याकाळी, दरवर्षीप्रमाणे, घरातली सगळी हत्यारं काढली. कुऱ्हाड, विळे, वखराची लोखंडी पास, आनंदाबाईंची शिवणाची कात्री. यंदा त्यात पानेही होते. रॉकेलनं धुतले, पुसले, ताडपत्रीची गुंडाळीही धुऊन दोरीवर टाकली. सकाळी मोहिनीनंच पाट मांडला. एकेका पान्याला तिनं हळद-कुंकू लावलं, प्लग पान्यावर झेंडूचं मोठं फूल ठेवलं. नवमीला हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याला उचलायचं, मध्ये हात लावायचा नाही. त्या घरात ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नव्हती.

आठ वाजता आनंदाबाईंनी हातावर दही दिलं आणि बापलेक निघाले.

पुलगाव मागे पडलं आणि दहा-बारा किलोमीटरवर गाडी आचके द्यायला लागली. मग फटफट करत, पांढरा धूर सोडत थांबली. गुरुजींनी किक मारून पाहिली, आवाज ऐकला आणि हसले.

"प्लग ओला झाला. ऑइल जास्त झालं माह्याच हातानं."

तेवढ्यात वर्ध्याकडे जाणारी एक जीप थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "बसता का जी? एक जागा आहे."

मोहिनीनं वडिलांकडे पाहिलं. तिचा एक पाय जीपकडे वळलाही होता.

"जा तुम्ही, जा," गुरुजी हात हलवून म्हणाले. "दोन मिनटाचं काम आहे. पोरगीच करते."

जीप गेली. गुरुजींनी बाजूचा डबा उघडला. आत हात पुसायचं एक फडकं होतं. त्यांनी फडकं उचललं, त्याच्याखाली पाहिलं, पुन्हा तिथंच पाहिलं. दोन वर्षांत त्या डब्यात गुंडाळी नाही असा एक दिवस गेला नव्हता, त्यामुळे डोळ्यांना दिसत होतं ते डोक्यात शिरायला वेळ लागला.

"बाबा," मोहिनी हळूच म्हणाली, "पाने पूजेत आहेत."

साडेनऊ झाले होते.

त्यांनी हातानं प्लग फिरवायचा प्रयत्न केला. बोटं भाजली, प्लग हलला नाही. मग दोघं गाडी ढकलत निघाले. एक बस आली, माणसं दारात लोंबकळत होती, थांबली नाही. दोन ट्रकही गेले. एक ट्रॅक्टरवाला थांबला, पण खाली वाकून म्हणाला, "आज पाने कुठचे जी? घरी देवापाशी मांडून आलतो."

दीड-दोन किलोमीटरवर एक गाव होतं आणि गावाच्या तोंडाशी लहानू मिस्त्रीचं टिनाचं दुकान. लहानू स्वच्छ पांढरा सदरा घालून उभा होता. मागं बाकावर त्याचे सगळे पाने ओळीनं मांडलेले, झेंडूचा हार, लिंबू, नारळ. दुकानासमोर खाटेवर त्याचे म्हातारे वडील, बापूराव, बसलेले.

गुरुजींनी सगळं सांगितलं. मुलाखत, अकराची वेळ, प्लग. सांगताना धाप लागत होती.

लहानू चुळबुळला. "दोन मिनटाचंच काम आहे जी, पण..." त्यानं वडिलांकडे पाहिलं.

बापूराव शांतपणे म्हणाले, "तुम्ही कोठले?"

"रोहण्याचा. शाळेत मास्तर होतो."

"मास्तर होते म्हणता. मंग तुम्हीच सांगा, गुरुजी. आज तुमच्या घरी कोणी असं आलं असतं, तं तुम्ही पाटावरचा पाना उचलून देल्ला असता का?"

गुरुजींना 'हो' म्हणायचं होतं. त्या एका अक्षरापलीकडे मोहिनीचं सगळं आयुष्य उभं होतं. पण चौतीस वर्षं पोरांसमोर खोटं न बोललेली जीभ. आणि त्याहून वाईट म्हणजे, सकाळी देव्हाऱ्यासमोर जोडलेले हात अजून त्यांचेच होते.

"नाई," ते म्हणाले.

मोहिनीनं मान फिरवली. रस्त्याकडे पाहत उभी राहिली. नवी साडी चेनच्या काळ्या तेलानं भरली होती. ती रडत नव्हती, फक्त हातातली प्रमाणपत्रांची फाईल पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

लहानू आत गेला, बाहेर आला. शेवटी त्याची आई, यशोदाबाई, पदराला हात पुसत घरातून आल्या. त्यांनी मोहिनीकडे पाहिलं, तिच्या साडीकडे पाहिलं.

"काय ध्यान करून ठेवलं पोरीचं!" त्या नवऱ्यावर ओरडल्या. "देवीची नवमी ना? मंग ही कोण आहे? मी पाहीन देवीचं, तुम्ही बसा तोंड घेऊन." बाकापुढं वाकून त्यांनी हात जोडले, हाराखालून प्लग पाना ओढला आणि लहानूच्या हाती न देता सरळ मोहिनीच्या हाती दिला.

मोहिनीनं प्लग काढला. फडक्यानं पुसला, यशोदाबाईंनी आणून दिलेल्या काडेपेटीच्या कडेवर घासला, फट पाहिली, हातानं दोन आटे बसवले, मग पाना लावला. लहानू बघत राहिला. गुरुजींनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. दोनच मिनिटं लागली होती. पण पावणेअकरा होऊन गेले होते.

वर्ध्याच्या शाळेत ते पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं. "ताई, अकराले नावं पुकारली. तुमचं तं दोनदा पुकारलं. सायबाइनं यादी बंद केली अन् गेले." गुरुजींनी विनवलं, हात जोडले, स्वतःची चूक म्हणून सांगितली. कारकून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मास्तर होते. हजेरीचं तुमाले मी काय सांगू?"

परतीच्या रस्त्यावर गाडी एकदाही अडली नाही. मोहिनी मागं फाईल धरून बसली होती. निदान तिनं बोलून घ्यावं, शिव्या द्याव्यात, असं गुरुजींना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारं उचलायचा दिवस. संध्याकाळी मोहिनीनं वडिलांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, पाने डब्यात ठेवले मी. सगळे." एवढंच. गुरुजींच्या तोंडून आशीर्वाद निघाला नाही. कशाचा द्यायचा?

रात्रभर त्यांनी जीप थांबवली. डोळे मिटले की ती थांबायची, एक जागा रिकामी असायची, आणि दरवेळी त्यांचाच हात वर होऊन म्हणायचा, जा तुम्ही, जा.

सकाळी ते अंगणात आले आणि गाडीचा डबा उघडला. गुंडाळी होती. सोडून पाहिली. एकेका कप्प्यात एकेक पाना, त्यांनी शिकवलेल्या क्रमानं. प्लग पान्यावरचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं. त्यांनी फडक्यानं पुसायला घेतलं, पण तेलात कालवलेलं ते आणखीच पसरत गेलं.

आत पाटाजवळ बांगड्या वाजल्या. पाट उचलायचा राहिला होता. त्यावर आता फक्त कुऱ्हाड, पास आणि विळे होते. मोहिनीनं जुनं लुगडं नेसलं होतं, डोक्याला फडकं बांधलं होतं.

"आई," ती विचारत होती, "सोयाबीन सोंगाले कोणता इळा घेऊ मी?"

आनंदाबाईंनी दाराकडे पाहिलं. गुरुजी तिथं उभे होते, हातात प्लग पाना. त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून त्या थांबल्या.

"तो लहान घे," शेवटी त्या म्हणाल्या. "सवय नाई तुले. हात कापशीन."