ताईचा पट्टा, धाकटीची धडधड

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे मित्रांनो, छातीचा! सायकलच्या शर्यतीत उतरणारे खेळाडू मला बरगड्यांवर बांधतात. मी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजतो आणि मोबाइलला कळवतो. काम सरळ आहे. तरीही माझ्या आयुष्यात एवढा घोळ कसा झाला, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही.

कारखान्यात आम्ही कितीतरी पट्टे कापडाच्या एकाच ताग्यातून कापले गेलो. त्यातले दोघे एकाच घरात आलो. मी ताईचा झालो, माझा जोडीदार तिच्या धाकट्या बहिणीचा. त्यांचे कोच लांबच्या शहरात राहत. आमचे आकडे पाहून ते प्रत्येकीसाठी वेगळा सराव आखून पाठवत. कोणी किती जोर लावायचा, कोणी कधी दम खायचा, सारे आमच्यावर ठरे. "पट्टा खोटं बोलत नाही," असे ते म्हणाले की मी घामाने चिंब असूनही फुगून जाई. ताईचे हृदय तर इतके संथ, की मला डुलकीच लागायची.

निवडीची शर्यत तोंडावर आली होती. धाकटीची ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी तिचे वय कुमार गटात बसणार नव्हते. ताई आधीच मोठ्यांच्या गटात होती.

आई आम्हाला रोज पाण्यातून खळबळून न्हाणीघराच्या दारामागे आपापल्या खुंटीला टांगायची. एके दिवशी एक खुंटी निखळली, तेव्हा तिने दोघांनाही एकाच खुंटीला अडकवले. दुसऱ्या दिवसापासून मी भलत्याच छातीवर जाऊन बसू लागलो.

आणि मला ते कळलेच नाही! ताईचे हृदय एकाएकी असे का धावत सुटले? की माझेच डोके फिरले? दोघी एका खोलीत, सायकली स्टँडवर चढवून, शेजारी शेजारी सराव करायच्या. ताईचा मोबाइल मला ओळखत होता. मी कोणाच्या अंगावर आहे, याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. मी आपला मुकाट्याने मोजत राहिलो.

कोचांचा फोन आला. ताईला म्हणाले, "अगं, तुझे ठोके फार वाढलेत. जरा हळू घे." धाकटीला म्हणाले, "तुझे तर अगदीच शांत. अंग राखून चालवतेस का? वाढव जोर!"

धाकटीने जोर वाढवला. माझे आकडे आणखी चढले, म्हणून ताईला आणखी विश्रांती मिळाली. ताई निवांत झाली, तशी तिच्या अंगावरच्या पट्ट्याने धाकटीच्या नावावर आणखी आळस लावला. मी पार चक्रावून गेलो.

"सर, पाय उचलत नाहीत हो," धाकटी म्हणाली.

"आकडे तर तसं म्हणत नाहीत."

फोन ठेवून ती आईला म्हणाली, "मीच आळशी असेन गं." हे ऐकताना मला फार वाईट वाटले. मी तिच्याच छातीवर बसलो आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कोच स्वतः आले. सायकलवर बसलेल्या धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तिचे मनगट धरले. मग तिचा मोबाइल पाहिला. मग पुन्हा मनगट धरले. बोटांखाली नाडी उधळली होती आणि पडद्यावर शांतता नांदत होती. त्यांनी शेजारी पाय मारणाऱ्या ताईकडे पाहिले.

"पट्टे काढा. दोघीही."

अदलाबदल होताच आकडेही फिरले. आई आमच्याकडे बोट दाखवत म्हणाली, "दोन्ही काळेच! मला काय कळणार, कुठला कोणाचा?"

"तुमचं काही चुकलं नाही," कोच म्हणाले. "ही तोंडानं सांगत होती. मी पट्ट्याला विचारत बसलो." मग ते धाकटीकडे वळले. "उद्या तू सायकलवर बसायचं नाहीस. तुझ्यात काही उरलेलं नाही."

"म्हणजे... मी आळशी नव्हते?" एवढे विचारून ती हसली आणि हसता हसता हमसून रडू लागली. शर्यत हातची गेली होती. दुसऱ्या दिवशी भरपूर विश्रांती मिळालेली ताई संघात निवडली गेली. घरात आनंद करावा की दुःख, कोणालाच समजेना.

आता माझे इलॅस्टिक सैल पडले आहे. मी खणात पडून असतो. मित्रांनो, आम्हाला धुवा, वाळवा, ओळखीसाठी एखादा रंगीत दोरा बांधा. पण कोणी "पाय उचलत नाहीत" म्हटले, तर आधी त्याचे ऐका. मला ठोके मोजता येतात. ते कोणाचे आहेत आणि त्या माणसाला काय होते आहे, हे मला आजही सांगता येत नाही. तेवढे तुम्ही विचारा.