मास्तरांना दाखवलेला समुद्र

मास्तरांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. तलावावरची त्यांची शिट्टी पार चौकापर्यंत ऐकू जायची. एखादं पोर पाण्याला बिचकलं, की ते त्याला पायरीवर बसवून आधी नुसत्या गप्पा मारायचे. "पाणी काय खातंय होय तुला? उलट तूच त्याला गिळशील!" म्हणायचे, आणि पोर हसता हसता पाण्यात उतरायचं. बायकोपुढे मात्र त्यांची मात्रा चालली नाही. "निवृत्त झालो की तुला थेट समुद्रातच उतरवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तोवर मी म्हातारी होईन," हे तिचं ठरलेलं उत्तर.

निवृत्ती तोंडावर आली असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द, "नाही." भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. तिने हाडांची काडं करून त्यांचं सगळं केलं, पण सुधारणेचं नाव नव्हतं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई एकदा जाता जाता म्हणाल्या, "त्यांच्या आवडीच्या जागी नेऊन बघा. कधीकधी फरक पडतो." तिने त्यातलं 'फरक पडतो' तेवढं घट्ट धरून ठेवलं.

गाडी चालवून समुद्रावर न्यायला धाकटे दीर तयार झाले.

"वहिनी, फार आशा लावून बसू नका हं," ते म्हणाले.

"आशा कसली, भाऊजी? तेवढाच हवापालट."

पण बॅगेच्या तळाशी तिने मास्तरांची पोहण्याची चड्डी घडी करून ठेवली होती.

शेवटचं वळण संपलं आणि खाली सगळा किनारा उलगडला. काळ्या खडकांच्या सोंडा समुद्रात शिरलेल्या, आणि दोन सोंडांच्या मध्ये पांढऱ्याशुभ्र वाळूची एकेक पुळण. काठाशी पाणी हिरवं, काचेसारखं. पुढे निळं होत होत आभाळाला टेकलेलं. तिने वळून मागे पाहिलं. मास्तर स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होते.

वाळूत चाकाची खुर्ची रुतली. तेव्हा दीर आणि छत्र्या भाड्याने देणारा माणूस, दोघांनी ती उचलून पाण्याच्या कडेला नेली. तिने मास्तरांचे बूट काढले, मोजे काढले. एक लाट आली, फेसाळत पुढे सरकली आणि त्यांच्या पावलांना वेढून मागे गेली. ती डोळ्यांत प्राण आणून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "नाही. नाही!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या शब्दाला त्याचा अर्थ होता. धड हाताने त्यांनी तिचे कपडे मुठीत धरले आणि तिच्या पोटात तोंड खुपसलं. ते थरथर कापत होते. खुर्चीखालची वाळू ओली झाली, ती लाटेने नव्हे.

"अहो, पाणी आहे. तुमचंच पाणी. घोट्यापर्यंत तर आहे," ती म्हणाली.

पुढची लाट आली आणि मास्तर गळा काढून रडू लागले. किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. रबरी चाक घेऊन पळणारी एक मुलगी जागीच थांबली. तेव्हा मास्तरांच्या बायकोचा तोल सुटला. त्यांचे खांदे धरून ती गदागदा हलवू लागली.

"घाबरता कशाला? जगाला शिकवलंत ना? मग बघा की! वर बघा!"

"वहिनी! अहो, काय करताय?" दिरांनी तिचे हात सोडवले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

उतरले होते ती खोली त्या किनाऱ्यावरची सगळ्यांत चांगली. पलंगावरून थेट समुद्र दिसायचा. तिने मास्तरांना पुसून कोरडं केलं, कपडे बदलले, आडवं केलं. खिडकीकडे नजर जाताच ते पुन्हा कण्हू लागले. तिने पडदे ओढून घेतले.

"उद्या सकाळीच निघू या," दारातून दीर म्हणाले.

"निघून कुठे जायचं, भाऊजी? घरी काय ठेवलंय?" ती शांतपणे म्हणाली. "इतके दिवस निदान इथे यायचं तरी बाकी होतं."

चहा सांगून येतो म्हणून दीर बाहेर गेले.

पडद्याने दिसणं थांबलं, पण आवाज थोडाच थांबणार? लाट फुटली की मास्तर दचकायचे. ती त्यांच्या उशाशी बसली आणि दोन्ही तळव्यांनी तिने त्यांचे कान झाकले. बाहेर कोणाची तरी पोरं खिदळत पाण्यात धावत होती. हळूहळू मास्तरांचा डोळा लागला. तिच्या दंडांना रग लागली, पाठ भरून आली. हात काढावेत असं तिला दोनदा वाटलं. पण दर वेळी पुढची लाट येतच होती.