दीडशेव्या हिश्शाचं आंबेगाव

“मिस्त्री, तुमी माझ्या बापाचा दोन हात बांध खाल्लाय.”

गोरख कंबरेत वाकून, नाक जवळजवळ शेताला टेकवून बोलत होता. हातात पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी. त्याच्यापुढे अख्खं आंबेगाव पसरलेलं होतं, प्लायवूडच्या दोन तक्त्यांवर, मूळ गावाच्या दीडशेव्या हिश्शात.

धर्माजीने चष्मा कपाळावर चढवला. दोन हातांचे दीडशे भाग केले की एक भाग सहा मिलिमीटरचा होतो हे त्याला तोंडपाठ होतं, कारण आदल्याच दिवशी बांधापलीकडच्या रानाचा भगवंत येऊन हेच सहा मिलिमीटर उलट्या अंगाला सरकवून गेला होता.

आता, हा बांध तीस-पस्तीस वर्षांपूर्वी डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेला. गावच गेलं, तिथे बांधाची काय कथा. तंटा ऐन रंगात असताना पाणी आलं, आणि त्यानंतर मासे कुणाच्याही रानातून कुणाच्याही रानात बिनदिक्कत जायला लागले. पण म्हणून गोरखचा हक्क बुडाला असं थोडंच आहे? तीन-चार वेळा बांध उकरून झाल्यावर धर्माजीने त्याला खालून दोन टाचण्या लावून टाकल्या होत्या. दारातून कोण येतोय ते दिसलं की बांध त्याच्या सोयीने सरकायचा. इतका झटपट निकाल त्या दोन घराण्यांच्या तीन पिढ्यांना कधी मिळाला नव्हता.

बांध सरकला. गोरखने पट्टी लावून खात्री केली आणि मग मोठ्या मनाने बाकीच्या गावाकडे पाहिलं. ओढा, देवळं, शाळेपुढचं पटांगण, आणि मूळ गावात जन्मात नव्हती ती एक गोष्ट, गावाला वळसा घालून जाणारा रूळ आणि त्याच्याकडेला ‘आंबेगाव’ अशी पाटी असलेलं स्टेशन.

“समदं बेस हाये,” तो म्हणाला. “पर गाडी कुठंय?”

धर्माजीने चष्मा परत डोळ्यांवर ओढला आणि उगीचच ओढ्याची वाळू सारखी करायला घेतली. गाडी होती. नव्हती असं नाही. ती चार दुकानं पलीकडे भंवरलालच्या कपाटात होती.

धर्माजी मोटारी भरायचा. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिचं पोट उघडायचं, जळकी तार उपसायची आणि नवी तार वेढे मोजून भरायची, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. लोक सांगायचे की महाळुंगे पडवळच्या विहिरीत मोटार नुसती कण्हली, तरी घोडेगावात धर्माजी झोपेतून उठून बसायचा आणि म्हणायचा, “बेअरिंग गेलंय.” यातलं झोपेतून उठणं तेवढं खोटं.

भंवरलाल त्याचा बालमित्र. घराणं मारवाडातलं, पण जन्म आंबेगावातला. राजस्थान त्याने एकदाच पाहिलं, मेहुण्याच्या लग्नात, आणि तिथल्या उन्हाने त्याचा घोळणा फुटला. तो मेहुणा पुढे जपानात कोबेला मोत्यांच्या व्यापारात गेला आणि दर खेपेला येताना भंवरलालसाठी वीतभर पेटीतून एक आगगाडी आणू लागला. खऱ्या जपानी गाडीची हुबेहूब नक्कल, डबा बोटाएवढा, खिडक्यांना काचा, आत बाकं. अशा तेवीस पेट्या झाल्या. भंवरलालने एकीचीही चिकटपट्टी सोडवली नाही.

धर्माजीला हे कळलं ते शेटच्या घरचा पंखा दुरुस्त करताना. पंखा राहिला बाजूला, स्टुलावर उभ्या उभ्याच तो म्हणाला, एक काढ, चालवून बघू. भंवरलाल म्हणाला, कापडवाल्याच्या घरात मालाची घडी मोडत नाहीत. घडी मोडली की ठाण गेलं. लुगडं विकणाऱ्याने नुसतं दाखवावं, घडी मोडायचा मान ज्याचा त्याचा. आणि हे त्याने असं सांगितलं की जणू त्या गाड्या उद्या कुणी नवरी नेसणार होती.

दुसरा माणूस असता तर पंखा लावून घरी गेला असता. धर्माजीने त्या रात्री जपानात नागोयाला फोन लावला. त्याची लेक स्नेहल अवसरी खुर्दच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन तिकडे कारखान्यात होती. ती म्हणाली, दादा, रूळ आणते, गाडीपण आणते. हा म्हणाला, “गाडी हाये आपल्याकडं. तू फकस्त रूळ आण.”

तिने रूळ आणले. दोन पट्ट्यांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. सोबत माणसांची एक पुडीही आणली, कोट घालून बॅगा धरलेले साहेब, प्रत्येकी सेंटीमीटरभर उंच. साळुबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि दुपारी चुन्यात काडी बुडवून साहेबांना पांढऱ्या टोप्या घातल्या.

मग गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. धर्माजी टेप घेऊन भेगाळलेल्या गाळातून हिंडला. टेपचं दुसरं टोक साळुबाईकडे. एका उन्हाळ्यात अर्धंच गाव मोजून झालं, तर हा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबला आणि राहिलेलं मोजून आला. स्वतःच्या घरापाशी साळुबाई चुलीच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, हितं धुराडं नीट करा, तवा तुमी केलं न्हवतं. त्याने प्लायवूडवर धुराडं केलं.

दोन वर्षं असं चाललं, आणि भंवरलाल त्या खोलीत एकदाही आला नाही. आला असता तर धर्माजीने गाडी मागितली असती, हे त्याला ठाऊक होतं.

गोरख पट्टी घेऊन गेला आणि साळुबाई बाजारातून बातमी घेऊन आली. शेटचं दुकान बंद होतंय. मुलगा अरिहंत येत्या रविवारी त्यांना पुण्याला नेतोय, कायमचं. डोळे गेलेत म्हणे.

धर्माजी तसाच दुकानात गेला. भंवरलाल गादीवर बसून एक साडी घडी घालत होता. हात सफाईने चालत होते, नजर भलतीकडेच होती.

“किती दिसतं?” धर्माजीने विचारलं.

“काठ सगळे गेले. काचबिंदू. मधलं तेवढं राहिलंय, नळीतून बघितल्यागत. तुझं नाक दिसलं की कान दिसत नाय.”

“मंग लई बरं. कान काय बघण्यासारखं न्हाईत.”

भंवरलाल हसला, पण घडी चुकली. त्याने ती सोडून पुन्हा घातली. म्हणाला, परवा देवळात गेलो, तर एका वेळी एकच खांब दिसला. जग लई मोठं झालंय धर्मा, मावतच नाय.

धर्माजीने साडीचं सुटलेलं टोक त्याच्या हातात दिलं. मग म्हणाला, “शेट, म्हनून तर मी गाव नळीत मावंल एवढंच केलंय.”

हे धडधडीत खोटं होतं. गाव रुळांच्या मापाने झालं होतं आणि शेटच्या डोळ्यांचं त्याला घटकेपूर्वीच कळलं होतं. पण काही खोट्या गोष्टी बोलून झाल्या की खऱ्या होतात, तशी ही झाली. भंवरलालचे हात साडीवर थांबले. गाडीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तो भिंत धरत धरत धर्माजीच्या दारात आला. काखेत एक पेटी.

“चिकटपट्टी मला दिसत नाय,” तो म्हणाला. “घडी तू मोड.”

आपल्याकडे नव्या लुगड्याची घडी स्वतः न मोडता जिवाभावाच्या माणसाला मोडायला देतात. कापडवाला भंवरलाल काय देत होता, ते धर्माजीला बरोबर कळलं. त्याने हात धुतले, पंचाला पुसले आणि नखाने चिकटपट्टी सोडवली. आत दोन डब्यांची गाडी होती, शेंदरी रंगाची, जपानातल्या खेड्यापाड्यांतून धावते तशी. साळुबाई नारळ आणायला निघाली. धर्माजी म्हणाला, तो नारळ हितं पडला तर निम्मं गाव जाईल. तेव्हा तिने मापाचा विचार करून डब्यातून मोहरीचा एक दाणा काढला आणि रुळांवर ठेवला. दीडशेव्या हिश्शाला तो नारळच होता.

गाडी बारा व्होल्टची. फवारणीच्या पंपाची बॅटरीही बारा व्होल्टची, आणि वेग कमीजास्त करायला पंपाचंच बटण. धर्माजीने बटण फिरवलं. गाडी एकदा कण्हली, वीतभर सरकली, आणि छपरातून धुराची एक बारीक रेघ निघाली. तीस वर्षं न हलल्याने आतलं ग्रीस दगड झालं होतं. मोटार अडली आणि जळाली.

भंवरलालला धूर दिसला नाही, वास आला. “म्हणून मोडत नव्हतो,” तो एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. अजून बावीस पेट्या होत्या, धर्माजी दुसरी दे म्हणाला असता तर त्याने दिलीही असती.

“रविवारी किती वाजता निघणार?” धर्माजीने विचारलं.

“नवाला.”

“आठला ये.”

तो पाच घोड्यांच्या मोटारी भरणारा माणूस. या मोटारीचा फिरणारा गाभा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याला पाच दात, आणि दातांवर केसाहून बारीक तार. एका दाताचं वेटोळं त्याने उलट उलगडून मोजलं, एकशे वीस वेढे. तसली तार घोडेगावात मिळेना, म्हणून घरातल्या फ्रिजचा चालू स्टॅबिलायझर फोडून त्यातल्या रिलेची बारीक तारेची कॉइल काढली. साळुबाई म्हणाली, आता फ्रिज जाईल. तो म्हणाला, फ्रिज पुण्यालाबी मिळतो.

ऊन चांगलं असताना ओट्यावर बसायचं. उजवा हात हल्ली थरथरे, म्हणून मनगटाखाली वाळूची पिशवी. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. वेढे साळुबाई मोजायची, बाजारात धान्य मापताना मोजतात तसे, एकाच्या जागी लाभ म्हणून. लाभ, दोन, तीन. शुक्रवारी तार सत्तराव्या वेढ्याला तुटली. परत लाभ. मग एकशे अकराव्याला तुटली, कारण दारातून भगवंत बांधाचं काय झालं म्हणून ओरडला. साळुबाईने त्याला जे सांगितलं ते ऐकून तो पुढचे दोन महिने त्या गल्लीतून गेला नाही. परत लाभ. शनिवारी दुपारपर्यंत तीन दात झाले. धर्माजीची बोटं आखडली, तेव्हा तिने ती तेलात चोळली, आणि चौथा सुरू झाला. ऊन कलायच्या आत पाचवा झाला. तार तुटली नाही.

रविवारी आठला भंवरलाल आला. बाहेर अरिहंतची गाडी, मागच्या सीटवर गाठोडी. अरिहंत म्हणाला, पप्पा, दहा मिनिटं.

धर्माजीने त्याला स्टुलावर बसवलं आणि मान हळूच दाबून गावाच्या पातळीवर आणली. भंवरलालने डोळा मिटला, उघडला. देवळांपासून ओढ्यापर्यंत सगळं एकदम दिसत होतं. मान वळवावी लागत नव्हती.

“आमचं दुकान,” तो शेवटी म्हणाला. “पायऱ्या तीनच व्हत्या. बरोबर हाये.”

पायरीवर टोप्या न घातलेली दोन बारकी माणसं बसली होती, दोन पोरं. त्या वयात ते दोघे तिथेच काड्यापेट्या एकापुढे एक लावून आगगाडी ओढायचे.

“डावीकडचा मी का?”

“तू उजवीकडचा. रडका.”

धर्माजीने बटण फिरवलं. गाडी कण्हली नाही. शाळेच्या मागून निघाली, ओढ्यावरच्या पुलावरून गेली, गोरखच्या बांधाला खेटून वळली. भंवरलालची नजर तिच्यावर होती आणि ओठ हलत होते, डबे मोजत असावा, दोनच होते तरी. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला धर्माजीने गाडी स्टेशनात आणली आणि दुकानाच्या पायरीसमोर उभी केली.

बाहेर हॉर्न वाजला.

भंवरलाल उठला. धर्माजी गाडी पेटीत ठेवायला लागला, तर त्याने हात धरला. म्हणाला, घडी मोडल्यावर माल परत घेत नाय आमी. रिकामी पेटी मात्र त्याने मागून घेतली. झाकण चापून बसवलं, आणि मोटारीत बसल्यावर मांडीवर ठेवली, दोन्ही हातांनी धरून, आत काही हलू नये अशी.

आठवड्याने गोरख पट्टी घेऊन आला. साळुबाई कुंचल्याने छपरांवरची धूळ झटकत होती. स्टेशनातल्या गाडीच्या अलीकडे-पलीकडे तिचा कुंचला फिरत होता, गाडीला लागत नव्हता.

“ही हुबी का?” गोरख म्हणाला. “परत जळाली का काय?”

धर्माजी बटणाशी बसला होता. “चालू हाये.”

“मंग सोडा की.”

“थांब. पाशिंजर यायचाय एक.”

गोरखने दाराकडे पाहिलं, मग गाडीकडे. पट्टी खिशात घातली आणि स्टूल ओढून तोही बसला.