बायपासवरचं माप

रेझिनच्या कारखान्यात दाटपणा मोजणारं यंत्र निवडायचं काम बारकीकडे आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दादाला झाला. तो तिथेच फिटर होता. धाकटी बहीण इंजिनिअर होऊन त्याच कारखान्यात आली, तरी तो तिला चारचौघांत बारकीच म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले.

रेझिन हे चिकट रसायन केटल नावाच्या मोठ्या बंद भांड्यात शिजताना दाट होत जातं. वेळीच थांबवलं नाही तर तापून उसळतं आणि दगडासारखं थिजतं. नमुना काढून प्रयोगशाळेत न्यायचा, तर निकाल येईपर्यंत केटल पुढे गेलेली असायची. म्हणून केटलमधला रस फिरवणाऱ्या पाइपातच बसून सतत माप दाखवणारं यंत्र हवं होतं.

फिरत्या दांड्याचं यंत्र चिकट रसात जाम व्हायचं. बारीक नळीतला दाब मोजणारं तुंबायचं. तिसऱ्यात नुसती एक कांडी थरथरत असायची, रस दाट होईल तशी तिची थरथर मंदावायची; अडकायला काही नव्हतंच. बारकीने तेच निवडलं. अट एकच, कांडी मुख्य पाइपातल्या वाहत्या रसात हवी.

"मुख्य पाइप कापायचा म्हणजे काम बंद," मॅनेजर म्हणाले. "ऑर्डरी गळ्याशी आल्यात. बाजूने काढलेल्या बायपासच्या नळीवर बसवा."

"ती नळी बारीक आहे, साहेब. तोंडाशी तुंबली तर आत अडकलेल्या जुन्या रसाचंच माप दिसत राहील."

"मग तुंबू देऊ नका."

ती भांड भांड भांडली आणि शेवटी तिने हात टेकले. दादानेच समजूत घातली, "अगं, काहीच नसण्यापेक्षा बरं. मी जातीने साफ ठेवीन ती नळी." यंत्र त्यानेच बसवलं. ते आलं म्हणून नमुने काढणं बंद झालं.

एका दुपारी बायपासच्या तोंडाशी गाठ अडकली. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना, सगळे निवांत. केटलमधला ढवळायचा पंखा दाट रसात अडकून घरघरायला लागला, तेव्हा कुठे तोंडचं पाणी पळालं.

"बाहेर व्हा सगळे!" बारकी ओरडली.

दादा उलटा आत धावला. खालचा व्हॉल्व्ह उघडून केटल रिकामी करायला गेला, तेवढ्यात त्याच्या सांध्यातलं रबरी गॅस्केट फाटलं. उकळतं रेझिन त्याच्या दोन्ही हातांवर आलं आणि कातडीला धरून तिथेच थिजलं. जीव वाचला. बोटं वाचली नाहीत.

पुढे मॅनेजरांनी तिला बोलावलं. "चौकशीत यंत्राची निवड चुकली असं ठरलंय. आता दुसरं बघा."

"बसवायचं कुठे?"

"बायपास आहे की तयार."

तिने नोकरी सोडली. त्याने काही अडलं नाही. दुसऱ्या कुणीतरी दुसरं यंत्र निवडलं आणि ते त्याच नळीवर बसलं.

ती दादाकडे गेली, तेव्हा वहिनी त्याला भात भरवत होती. बारकीने वाटी मागितली. वहिनीने दिली नाही.

"तुझी निवड बरोबरच होती गं," दादा म्हणाला.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. वहिनीने पुढचा घास उचलला, आणि दादाने लहान मुलासारखं तोंड उघडलं.