दोन पट्ट्या खाली

बारा वर्षांत मी जाहिरातींसाठी वाजवलं, नाटकांसाठी वाजवलं, जहाजावरच्या नाचांनाही वाजवलं. बासरी हवी तर बासरी, ढगांचा गडगडाट हवा तर तो. सगळं एकाच कीबोर्डमधून. मग लेक झाली आणि दहा महिने श्रोता एकच उरला, तोही गाणं संपायच्या आत झोपणारा.

आमच्या वाद्यवृंदाच्या दौऱ्याची तालीम होती. माझ्या जागी आलेला वादक फार छान वाजवतो, हे मला तिघांनी आवर्जून कळवलं होतं. संगीत संयोजक म्हणाले होते, "एकदा वाजवून दाखव. मग ठरवू दोघांतलं कोण जाणार."

सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन भिंतीकडेला बसल्या. ड्रमरनं विचारलं, "मास्तरीणबाई, बोटं शाबूत आहेत ना? की दुपटी धुऊन झिजली?"

"तू चारपर्यंत नीट मोज. बाकीचं मी बघते."

त्यानं मोजलं. मी सुरुवात केली आणि गिटारवाल्यानं दाढ दुखल्यासारखं तोंड केलं. माझे सूर सगळ्यांच्या खाली लागत होते. लेकीला झोपवताना माझा आवाज खालीच लागतो, म्हणून घरी हाच कीबोर्ड दोन पट्ट्या खाली उतरवला होता. बंद केला तरी तो हे लक्षात ठेवतो. मी ठेवलं नव्हतं.

पट्टी बदलायचं बटण पार वरच्या कोपऱ्यात. दोन्ही हात गुंतलेले. थांबले असते तर दौरा गेला होता.

मग मी हातच वर सरकवले. अख्खं गाणं दोन पट्ट्या पुढून वाजवलं. बोटं सवयीनं पांढरीकडे धावायची, मी त्यांना दटावून काळीवर न्यायची. घाम कानामागून गळ्यात उतरला. कडव्याच्या मध्ये संयोजक मागे येऊन उभे राहिले. त्यांनी कीबोर्डच्या पडद्यावरचा उणे दोनचा आकडा पाहिला, माझे हात पाहिले.

गाणं संपलं.

"मुद्दाम केलंस?"

हो म्हणायचा मोह झाला. "नाही. विसरले."

"कधी कळलं?"

"पहिल्याच सुराला."

ते मान हलवत हसले. "मी तर थांबलो असतो. गुरुवारी सकाळी बस निघते. बाळाचं काय करणार?"

"बाळ, आजी आणि मी. तिघी येऊ."

"खिडकी मला," सासूबाई भिंतीकडून म्हणाल्या, "आणि त्या ड्रमवाल्याला शेवटच्या बाकावर बसवा."